बर्लिनला जाताय? आधी वार बघा

आम्ही पहिल्यांदा बर्लिनला पोचलो तो शनिवार होता, रात्रीचे साडेनऊ. रविवारी सकाळी चार्जरचा अ‍ॅडॉप्टर, दूध, फळं अशी बारीकसारीक खरेदी उरकावी म्हणून बाहेर पडलो, तर रस्त्यावरची सगळी दुकानं बंद. सोमवारी उत्साहाने म्युझियम बेटावर गेलो, तर तिथल्या संग्रहालयांना सोमवारची सुट्टी. पाच दिवसांच्या सहलीतले दोन दिवस असे गेले. यात शहराची काही चूक नव्हती. मी ठिकाणांची लांबलचक यादी केली होती, पण कॅलेंडर उघडून पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या वेळी मावसबहीण बरोबर होती. तेव्हा मी यादी बाजूला ठेवली आणि आधी वारांचा तक्ता केला. आपल्याकडे गावोगावी बाजाराचा वार ठरलेला असतो, त्या दिवशी सगळी कामं त्या हिशेबाने लावली जातात. बर्लिनचं अख्खं शहर तसं वारावर चालतं. हे एकदा ध्यानात आलं की संग्रहालयं, खरेदी आणि रात्रीचं बर्लिन या तिन्ही गोष्टी सहा-सात दिवसांत नीट बसतात. पहिल्यांदा जाणाऱ्याला उपयोगी पडेल ते सगळं इथे क्रमाने लिहिते आहे.

१. विमानाच्या तिकिटाआधी वार ठरवा

गुरुवारी पोचा आणि पुढच्या बुधवारी किंवा गुरुवारी निघा. माझ्या मते हा सगळ्यात चांगला बेत. कारण असं:

शुक्रवार: संग्रहालयं उघडी असतात, माय्बाखउफर या कालव्याकाठचा तुर्की बाजार भरतो (तो मंगळवारी आणि शुक्रवारी असतो) आणि शुक्रवार-शनिवारच्या रात्री मेट्रो रात्रभर चालते.

शनिवार: दुकानांचा मोठा दिवस. घ्यायचं ते आजच घ्या.

रविवार: दुकानं, मॉल, सुपरमार्केट बंद. पण जुन्या वस्तूंच्या बाजाराचा वार हाच, आणि शनिवारी रात्री सुरू झालेले क्लब दिवसभर चालू असतात.

सोमवार: म्युझियम बेट बंद. हंबोल्ट फोरम हे संग्रहालय मात्र सोमवारी उघडं असतं, त्याला सुट्टी मंगळवारी.

मंगळवार: म्युझियम बेट पुन्हा सुरू.

बुधवार: सीझनमध्ये फिलहार्मोनी या संगीत सभागृहात दुपारी एक वाजता मोफत लंच कॉन्सर्ट असतो.

ऋतूचंही तसंच. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, डिसेंबरमध्ये दुपारी चारच्या सुमारास अंधार पडतो. नोव्हेंबरच्या शेवटी ख्रिसमसचे बाजार लागतात आणि ते सुंदर असतात, पण पायी भटकायचं असेल तर मे ते सप्टेंबर निवडा. ऑगस्टअखेर जमत असेल तर 'संग्रहालयांची लांब रात्र' नक्की गाठा. ही कल्पना १९९७ साली बर्लिनमध्येच सुरू झाली. एका तिकिटात डझनावारी संग्रहालयं रात्री दोनपर्यंत उघडी असतात.

२. व्हिसा आणि कागदपत्रं

जर्मनीसाठी शेंगेन व्हिसा लागतो, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना चालणारा सामाईक व्हिसा. कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. फी मोठ्यांसाठी ९० युरो आहे (जून २०२४ पासून), ६ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी त्याच्या निम्मी, आणि वर व्हिसा केंद्राचे सेवाशुल्क. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. पण पंधरा दिवसांवर विसंबू नका. उन्हाळ्याच्या सुट्टीच्या तोंडावर अपॉइंटमेंट मिळायलाच वेळ लागतो. मुंबई आणि पुणे दोन्हीकडे केंद्र आहे, दोन्हीकडच्या तारखा बघत राहा.

बरोबर न्यायची कागदपत्रं:

- पासपोर्ट: परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा, दहा वर्षांच्या आत काढलेला, दोन कोरी पानं असलेला. जुने पासपोर्टही न्या.
- ऑनलाइन भरून छापलेला आणि सही केलेला अर्ज
- ३५ × ४५ मिलिमीटरचे अलीकडचे फोटो
- किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा, पूर्ण मुक्कामाचे दिवस धरून
- बँकेचं स्टेटमेंट, पगाराच्या स्लिपा, आयकर विवरणपत्र
- ऑफिसचं रजेचं पत्र. व्यवसाय असेल तर त्याच्या नोंदणीचे कागद
- हॉटेलचं बुकिंग आणि विमानाचं आरक्षण
- दिवसवार कार्यक्रम लिहिलेलं साधं, स्पष्ट पत्र

तीन ठिकाणी लोक अडकतात. पहिलं, व्हिसा येण्याआधी परत न मिळणारं विमानाचं तिकीट काढतात. नुसतं आरक्षण पुरतं. दुसरं, विम्याच्या तारखा. विमान पहाटे दोनचं असलं की तारीख एका दिवसाने चुकते. माझीही चुकली होती आणि काउंटरवर उभं राहून मोबाइलवरून पॉलिसी बदलून घ्यावी लागली. तिसरं, देशाची निवड. बर्लिनबरोबर प्राग किंवा व्हिएन्ना करणार असाल, तर जिथे जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा. रात्री समान असतील तर जिथे आधी उतरणार त्या देशाकडे.

१२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपात सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे. पहिल्या वेळी नोंदणीला वेळ जातो. फ्रँकफर्ट किंवा म्युनिकला विमान बदलणार असाल तर इमिग्रेशन तिथेच होतं, बर्लिनला नाही. म्हणून मधला वेळ तासा-दीड तासाचा ठेवू नका, तीन तास तरी हवेत.

३. राहायचं कुठे

पहिल्यांदा जाणाऱ्याने एकच नियम पाळावा: लोकल रेल्वेच्या वर्तुळाच्या आत, आणि स्टेशनपासून पाच मिनिटांच्या चालीवर. शहराभोवती एस-बानची गोल लाइन आहे, नकाशात लगेच दिसते. मिटे हा मध्यभाग, संग्रहालयांना जवळ पण महाग. शार्लोटेनबुर्ग शांत, आईवडील बरोबर असतील तर उत्तम. रात्रीचं बर्लिन बघायचं असेल तर फ्रीडरिशहाइन, क्रॉइत्सबेर्ग. प्रेन्झलाउअर बेर्ग मला स्वतःला सगळ्यात आवडतो, झाडांचे रुंद फुटपाथ, कोपऱ्यावर बेकरी, आणि रविवारी जुना बाजार भरणारा माउअरपार्क चालत जाण्याच्या अंतरावर.

बुकिंगच्या किमतीवर शहराचा मुक्काम कर लागतो, २०२५ पासून तो साडेसात टक्के आहे. तो किमतीत धरला आहे का ते आधीच पाहा. आणि बऱ्याच ठिकाणी एसी नसतो, जुलैमध्ये जाणार असाल तर विचारून घ्या.

४. विमानतळ ते शहर, आणि तिकिटावरचा शिक्का

बर्लिनला आता एकच विमानतळ आहे, ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झालेला. रेल्वे स्टेशन टर्मिनल १ च्या खालीच आहे. शहराचे तिकिटासाठी ए, बी, सी असे तीन पट्टे आहेत आणि विमानतळ सी मध्ये येतो. म्हणजे येताना-जाताना एबीसी तिकीट हवं, शहरात फिरायला एबी पुरतं. एबी तिकीट चारेक युरोचं. ते दोन तास चालतं, वाटेत मेट्रो, लोकल, बस, ट्राम काहीही बदलता येतं, पण त्याच तिकिटावर परत फिरता येत नाही. दिवसात तीन-चारदा प्रवास होणार असेल तर चोवीस तासांचं तिकीट घ्या.

आता सगळ्यात मोठा सापळा. इथे स्टेशनवर फाटक नाही, तिकीट तपासणारं यंत्र नाही, थेट फलाटावर जाता येतं. मशीनमधून आलेलं कागदी तिकीट हातात असलं म्हणजे झालं असं आपल्याला वाटतं. तसं नाही. फलाटावर छातीच्या उंचीची एक छोटी पेटी उभी असते. तिच्या फटीत तिकिटाचं बाणाची खूण असलेलं टोक सरकवायचं. 'टक्' असा आवाज होतो आणि तिकिटावर तारीख, वेळ आणि स्टेशनची खूण शाईत उमटते. तो शिक्का नसेल तर तिकीट नसल्यासारखंच. बस आणि ट्राममध्ये ही पेटी गाडीच्या आत असते. तपासनीस साध्या कपड्यांत येतात, गाडी सुटली की ओळखपत्र काढतात. माझ्यासमोर एका तरुण जोडप्याने कोरी करकरीत तिकिटं दाखवली आणि दोघांनाही प्रत्येकी ६० युरो दंड झाला. पर्यटक असल्याची सबब चालत नाही. मोबाइल अ‍ॅपवर तिकीट काढलं तर शिक्क्याचा प्रश्न येत नाही, पण गाडीत चढण्याआधी काढायचं.

ट्राम जवळजवळ सगळ्या पूर्व भागातच दिसतात. पश्चिम बर्लिनने १९६७ साली आपल्या ट्राम बंद केल्या, पूर्वेने चालू ठेवल्या. शहराचे पूर्व-पश्चिम दोन भाग करणारी भिंत जाऊन इतकी वर्षं झाली तरी ट्रामचे रूळ कुठे दिसतात यावरून आपण कोणत्या बर्लिनमध्ये उभे आहोत ते कळतं.

पहिल्या दिवशी झोप अपुरी असते, तेव्हा १०० नंबरची बस पकडा. प्राणिसंग्रहालयाच्या स्टेशनपासून विजयस्तंभ, संसद, उंटर डेन लिंडेन करत ती आलेक्झांडरप्लात्सला जाते. जर्मनीच्या एकीकरणानंतर १९९० साली पूर्व-पश्चिम जोडणारी ही पहिली बस. वरच्या मजल्यावर पुढची सीट मिळाली तर साध्या तिकिटात अर्धं शहर बघून होतं.

एक लहानसं: लाल फरशीची पट्टी म्हणजे सायकलची वाट. तिथे उभं राहून फोटो काढू नका. सायकली वेगात येतात आणि थांबत नाहीत.

५. पैसे

कार्ड आता बहुतेक ठिकाणी चालतं, पण 'फक्त रोख' अशी पाटी छोटे कॅफे, बाजार, क्लबचं दार इथे अजून भेटते. खिशात नेहमी ५०-६० युरो ठेवा, त्यात सुटी नाणी हवीत, कारण बऱ्याच स्वच्छतागृहांना पन्नास सेंट ते एक युरो लागतो. एटीएममधून पैसे काढताना मशीन विचारतं, 'रुपयांत हिशेब करू का?' नाही म्हणा, युरोच निवडा. रुपयांचा भाव नेहमी तोट्याचा असतो.

बाटलीबंद पेयावर अनामत रक्कम असते, तिला प्फांड म्हणतात. प्लॅस्टिकची बाटली किंवा कॅन यावर २५ सेंट, बिअरच्या काचेच्या बाटलीवर बहुधा ८ सेंट. सुपरमार्केटच्या कोपऱ्यात गोल तोंडाचं मशीन असतं. त्यात बाटली आडवी ठेवायची, ती आत फिरते, बारकोड वाचला जातो आणि आकडा वाढतो. शेवटी हिरवं बटण दाबलं की पावती येते. ती पावती काउंटरवर द्यायची, तेव्हा पैसे मिळतात किंवा बिलातून वजा होतात. बाटली न चेपता ठेवा, चेपलेली मशीन परत करतं. रस्त्यात कचऱ्याच्या डब्याशेजारी कुणी बाटली उभी ठेवलेली दिसेल. बाटल्या गोळा करून गुजराण करणाऱ्यांना डब्यात हात घालावा लागू नये म्हणून लोक तशी ठेवतात. तुम्हीही तसंच करा.

नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, बाटली बरोबर ठेवा आणि भरून घ्या.

६. संग्रहालयं: कमी बघा, नीट बघा

म्युझियम बेट म्हणजे श्प्रे नदीतल्या बेटावरची पाच संग्रहालयं, १९९९ पासून जागतिक वारसा. इथे तीन सापळे आहेत.

एक, पेर्गामोन संग्रहालय. सगळ्या जुन्या प्रवासवर्णनांत हेच पहिलं असतं, पण ऑक्टोबर २०२३ पासून ते दुरुस्तीसाठी बंद झालं. एक भाग २०२७ मध्ये उघडायचं ठरलं आहे, बॅबिलोनचं इश्तार द्वार असलेला भाग मात्र २०३७ पर्यंत थांबणार. निघण्याआधी सद्यस्थिती बघा.

दोन, 'महिन्याचा पहिला रविवार मोफत' ही माहिती अजून सगळीकडे फिरते. ती सोय २०२४ च्या अखेरीस बंद झाली. अठरा वर्षांखालच्या मुलांना सरकारी संग्रहालयांत आजही मोफत प्रवेश आहे.

तीन, म्युझियम पास. तीस युरोच्या आसपास किंमत, तीसहून जास्त संग्रहालयं, पण सलग तीन दिवस. रविवारी सुरू केलात तर मधला सोमवार वाया जातो. शुक्रवारी किंवा मंगळवारी सुरू करा.

एकच संग्रहालय बघायचं तर नॉयेस म्युझियम. इथे इजिप्तची प्राचीन राणी नेफर्टिटी हिचा अर्धपुतळा आहे, १९१२ साली इजिप्तमध्ये अमार्नाला सापडलेला. तिला स्वतंत्र खोली दिली आहे, मंद उजेड, आणि फोटोला बंदी. त्या बंदीचे मी आभार मानते, कारण त्यामुळे लोक खरंच बघतात. समोर उभं राहिल्यावर लक्षात येतं की तिच्या डाव्या डोळ्यात बुबुळ नाही. उजवा डोळा तुमच्याकडे बघत असतो आणि डावा पांढरा, कोरा. मग थोडं बाजूला सरकून मानेची रेषा बघा. मी तिथे अर्धा तास होते. इमारतीकडेही लक्ष द्या. युद्धात उद्ध्वस्त झालेली ही वास्तू २००९ मध्ये पुन्हा उघडली, तेव्हा भिंतींवरचे घाव मुद्दाम तसेच ठेवले. वेळेचं तिकीट ऑनलाइन काढून जा.

सोमवारसाठी हंबोल्ट फोरम. पाडलेल्या राजवाड्याच्या जागी पुन्हा उभारलेली इमारत, आत आशियाई कलेचा मोठा संग्रह. बाहेर सांचीच्या पूर्व तोरणाची दगडी प्रतिकृती उभी आहे, डिसेंबर २०२२ पासून. बर्लिनच्या राखाडी आभाळाखाली शालभंजिकेची मूर्ती अचानक समोर आली की पाय थांबतातच.

संसदेच्या काचेच्या घुमटावर जाणं मोफत आहे, पण आधी संसदेच्या संकेतस्थळावर सगळ्यांची नावं आणि जन्मतारखा देऊन वेळ घ्यावी लागते. दोन-तीन आठवडे आधी घ्या आणि मूळ पासपोर्ट न्या, झेरॉक्स चालत नाही. संध्याकाळची वेळ मागा, शहरातले दिवे लागताना वरून दिसतात.

संगीताची आवड असेल तर फिलहार्मोनीचं तिकीट काढाच. हॉलमध्ये मधोमध वाद्यवृंद आणि चहूबाजूंनी श्रोते अशी रचना आहे, १९६३ सालची. वाद्यवृंदाच्या मागच्या बाकांची तिकिटं स्वस्त असतात आणि तिथून कंडक्टरचा चेहरा दिसतो. मला तीच जागा सर्वांत आवडते. आपल्या मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता या वाद्यवृंदाचे मानद सदस्य आहेत.

७. भिंतीसाठी अर्धा दिवस राखून ठेवा

१३ ऑगस्ट १९६१ ला उभी राहिलेली भिंत ९ नोव्हेंबर १९८९ ला उघडली. बहुतेक लोक चेकपॉइंट चार्ली या जुन्या सीमेवरच्या नाक्याला जातात, फोटो काढतात आणि 'इतकंच?' म्हणत परततात. तिथली पहाऱ्याची चौकी प्रतिकृती आहे. त्याऐवजी बेर्नाउअर श्ट्रासेला जा. तिथे भिंत, मधला मोकळा पट्टा, पहाऱ्याचा मनोरा असं सगळं जागच्या जागी समजतं, आणि मोफत. भिंतीवरच्याच रंगीत चित्रांची ईस्ट साइड गॅलरी साधारण १.३ किलोमीटर लांब आहे, सकाळी आठच्या आत गेलात तर शांतपणे बघता येते. 'टोपोग्राफी ऑफ टेरर' हे नाझी यंत्रणेवरचं प्रदर्शन रोज उघडं आणि मोफत, म्हणून सोमवारच्या दुपारी बसवा.

चालताना फुटपाथच्या दगडांत तळहाताएवढे पितळी चौकोन दिसतील, नाझींच्या बळींच्या आठवणीसाठी बसवलेले. त्यावर 'इथे राहत होते' असे शब्द, मग नाव, जन्मसाल, आणि कुठे नेऊन मारलं ते. ज्या दारासमोर तो दगड, ते बहुधा त्या माणसाने स्वतःच्या मर्जीने निवडलेलं शेवटचं घर. एकदा दिसायला लागले की प्रत्येक गल्लीत दिसतात. तिथे वाकून वाचा, घाई करू नका.

वेळ उरला तर यू-३ या मेट्रोने डालेम भागात एक चक्कर मारा. इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या शेवटी इथल्या मानववंशशास्त्र संस्थेत पीएच.डी. करत होत्या. इहनेश्ट्रासे २२ ही त्या संस्थेची इमारत आजही आहे, आता विद्यापीठाच्या ताब्यात. ही संस्था पुढे नाझी वंशशास्त्रात सामील झाली. माणसाच्या कवटीच्या दोन बाजूंतल्या फरकाचा वंशाशी संबंध लागत नाही, असा निष्कर्ष इरावतीबाईंनी इथेच, आपल्या मार्गदर्शकाच्या मताविरुद्ध काढला होता. कुठल्याही गाइडच्या यादीत हे ठिकाण नाही. मला मात्र तिथे उभं राहताना भरून आलं.

८. खरेदी

मोठ्या दुकानांसाठी शनिवार. काडेवे हे १९०७ पासूनचं डिपार्टमेंट स्टोअर, सहाव्या मजल्यावरचा खाण्याचा विभाग बघण्यासारखा आहे, घेणं जमलं नाही तरी. पुस्तकं आणि संगीतासाठी फ्रीडरिशश्ट्रासेवरचं डुसमान, ते आठवड्यात मध्यरात्रीपर्यंत उघडं असतं, म्हणून संग्रहालयांनंतर जाता येतं. जुने कपडे घालायला संकोच नसेल तर फ्रांकफुर्टर टोरचं हुमाना, अनेक मजली सेकंडहँड दुकान. थंडीचा कोट मुंबई-पुण्यात महाग घेण्यापेक्षा तिथे घ्या.

रविवारी जुना बाजार. माउअरपार्कचा सगळ्यात मोठा आणि गर्दीचा, दहाच्या आत पोचा. बॉक्सहागनर प्लात्सचा लहान, पण वस्तू जास्त चांगल्या. जुने कॅमेरे, पूर्व जर्मनीच्या काळातली भांडी, एनॅमलच्या पाट्या, ग्रामोफोनच्या तबकड्या. भाव करता येतो, पण आपल्याकडच्यासारखा निम्म्यावरून नाही. वीसचे सोळा मागा, हसून मागा, बहुधा सतरा-अठराला मिळतं. रोखच न्या.

रविवारी दूध-ब्रेड अडलंच, तर मुख्य रेल्वे स्टेशनमधली दुकानं उघडी असतात. कोपऱ्यावरची 'श्पेटी' नावाची छोटी दुकानंही बरीच चालू असतात, भाव थोडा चढा.

सुपरमार्केटमध्ये पिशवी आपली न्या. काउंटरवरची बाई विजेच्या वेगाने वस्तू पुढे ढकलते आणि सामान आपणच भरायचं असतं. मागच्यांना थांबवायचं नाही म्हणून लोक सगळं ट्रॉलीत टाकतात आणि बाजूला जाऊन नीट भरतात.

कर परतावा: एका बिलावर ५० युरोच्या वर खरेदी झाली की आपल्यासारख्या युरोपबाहेरच्या रहिवाशांना कराचा काही भाग परत मिळतो. पैसे देतानाच 'टॅक्स फ्री' म्हणा आणि पासपोर्ट दाखवा, नंतर फॉर्म मिळणं अवघड. वस्तू वापरू नका, पिशवी-टॅग तसेच ठेवा.

९. शाकाहारी असाल तर

बर्लिनमध्ये शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही. फलाफल, हलूमी, व्हिएतनामी टोफू, व्हीगन बेकऱ्या सगळीकडे आहेत. पण 'गेम्यूझे केबाप' या नावाला फसू नका. गेम्यूझे म्हणजे भाजी, आणि तरी त्यात बहुतेक ठिकाणी चिकन असतं, वर तळलेल्या भाज्या. 'ओने फ्लाइश' म्हणजे मांसाशिवाय, हे दोन शब्द पाठ करा. सॅलडमध्ये 'श्पेक' लिहिलं असेल तर ते डुकराचं मांस. बटाट्याच्या सूपमध्येही ते असतं, विचारून घ्या.

१०. रात्रीचं बर्लिन

पश्चिम बर्लिनने १९४९ साली पब-बार बंद करण्याची ठरावीक वेळ काढून टाकली, तेव्हापासून हे शहर रात्री झोपत नाही. शुक्रवारी आणि शनिवारी रात्री यू-बान, म्हणजे मेट्रो, रात्रभर धावते. इतर दिवशी एकच्या सुमारास थांबते आणि तिच्या जागी 'एन' अक्षराच्या बस सुटतात. परतीची बस निघण्याआधीच बघून ठेवा.

भिंत पडल्यावर पूर्वेकडे रिकामे कारखाने, गोदामं, तळघरं मालकाविना पडली होती. तिथे तरुण पोरांनी टेक्नो, म्हणजे यंत्रांच्या ठेक्यावरचं नाचाचं संगीत, वाजवायला सुरुवात केली. ट्रेझोर हा क्लब १९९१ साली एका जुन्या डिपार्टमेंट स्टोअरच्या तिजोरीच्या तळघरात सुरू झाला, आता तो जुन्या वीजकेंद्रात आहे. बेर्गहाइन हा क्लबही जुन्या वीजकेंद्रातच. मार्च २०२४ मध्ये बर्लिनच्या टेक्नो संस्कृतीला जर्मनीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळालं. म्हणजे संग्रहालयाइतक्याच आदराने इथे जायचं.

काय करावं:

रात्री दहाला जाऊ नका, आत कुणी नसतं. एक-दीडनंतर जा. घोळका नको, दोघं-तिघंच. त्या रात्री कोण वाजवणार आहे हे माहीत करून घ्या, दारावर विचारू शकतात. रांगेत आरडाओरडा नको, दारू पिऊन झोकांड्या खात जाऊ नका. कपडे साधे, काळे, पायात सपाट बूट. पासपोर्ट आणि रोख रक्कम हवी, प्रवेश साधारण १५ ते २५ युरो, कोट-बॅग ठेवायचे पैसे वेगळे.

दारावर 'आज नाही' म्हणाले तर हुज्जत घालू नका, कारणही विचारू नका. तिथल्या लोकांनाही नकार मिळतो. मनाला लावून न घेता दुसऱ्या ठिकाणी जा.

आत फोटो काढायचा नाही. दारातच मोबाइलच्या दोन्ही कॅमेऱ्यांवर छोटे गोल स्टिकर लावतात. ते काढलेत तर बाहेर जावं लागतं. सुरुवातीला मला विचित्र वाटलं, तासाभराने कळलं की कुणीही कुणाकडे मोबाइल धरून बघत नसल्यामुळेच लोक इतके मोकळे नाचतात. साठीच्या बाई, एकटे आलेले गृहस्थ, सगळे. मावसबहीण आणि मी दोघीच होतो, आणि त्या गर्दीत आम्हाला एकदाही असुरक्षित वाटलं नाही.

मध्यरात्रीचं जागरण झेपत नसेल तर रविवारी दुपारी जा. सकाळी जुना बाजार, दुपारी क्लब. रांगही बहुधा कमी असते.

टेक्नो नको असेल तरी रात्र रिकामी नाही. शार्लोटेनबुर्गमध्ये आ-ट्रेन हा छोटा जाझ क्लब आहे, टेबलं वाद्यांना लागूनच. आउगुस्टश्ट्रासेवर १९१३ सालचं क्लेअरशेन्स बालहाउस आहे, वरच्या मजल्यावर जुन्या धुरकट आरशांचा हॉल. कोणत्या संध्याकाळी नाच असतो ते बघून जा. आणि उन्हाळ्यात श्पेटीतून बिअर किंवा लिंबूपाणी घेऊन कालव्याच्या काठावर बसणं हे इथल्यांचं खरं रात्रजीवन. रस्त्यावर प्यायला इथे मुभा आहे.

सावधगिरी: वार्शाउअर पूल आणि कॉटबुसर टोर स्टेशन इथे खिसेकापू असतात, बॅग पुढे घ्या. ग्योर्लित्सर पार्कमध्ये अमली पदार्थ विकणारे हटकतात. नको म्हणून चालत राहा, रात्री त्या बागेतून आडवाट घेऊ नका. पेल्यावर लक्ष ठेवा, अनोळखी माणसाने आणून दिलेलं पेय घेऊ नका. तातडीसाठी ११२, पोलिसांसाठी ११०.

११. निघायच्या दिवशी

तीन तास आधी विमानतळावर पोचा, एबीसी तिकीट काढून. कर परतावा घ्यायचा असेल तर बॅग विमानात देण्याआधी कस्टमच्या काउंटरवर जायचं. फॉर्म, बिलं, पासपोर्ट, बोर्डिंग पास आणि वस्तू दाखवून शिक्का घ्यायचा. बॅग आधी पट्ट्यावर गेली की दाखवायला वस्तू नसते आणि शिक्का मिळत नाही. फ्रँकफर्टला विमान बदलणार असाल आणि खरेदी हातातल्या सामानात असेल, तर तो शिक्का फ्रँकफर्टला मिळतो. चेक-इन केलेल्या बॅगेत असेल, तर बर्लिनलाच घ्या. खरेदी एकाच बॅगेत वरच्या थरात ठेवा, म्हणजे काउंटरवर सगळं सामान उपसावं लागणार नाही.

आणि खोलीतल्या रिकाम्या बाटल्या आदल्या दिवशीच मशीनमध्ये टाकून या. पण निघायचा दिवस सोमवार असेल तर शनिवारीच टाका, रविवारी सुपरमार्केट बंद असतं.